गायरानावर सोलर येतंय, आणि गावाच्या नोंदवहीत शेकरू सापडलं. आता काय करू?

येरळाकाठची

नमस्कार मंडळी. थोडं लांबडं होईल, सांभाळून घ्या.

खटाव तालुक्यातलं आमचं गाव. नाव लिहीत नाही, आमच्यातले चार-दोन जण इथं वाचतात आणि उद्या पारावर विषय नको. मी ग्रामपंचायत सदस्य, पहिलीच वेळ. निवडून आल्यावर समित्या वाटल्या, तेव्हा पाणीपुरवठा, तंटामुक्ती ज्याचं त्यानं धरलं आणि जैवविविधता व्यवस्थापन समिती माझ्या पदरात पडली. तिथं एक तृतीयांश बायका लागतात म्हणून. दोन वर्षांत त्या समितीची एकही बैठक झाली नाही, आणि खोटं कशाला बोलू, मीही कधी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात पंचायतीला पत्र आलं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मधून पाच मेगावॉटचा प्रकल्प, त्यासाठी आमच्या 46 एकर गायरानातली 25 एकर हवी. विजेचं उपकेंद्र गावापासून तीन किलोमीटरवर, म्हणून आमच्यावर नजर गेली. पंचायतीला तीन वर्षांत मिळून 15 लाख, आणि शेतीला दिवसा लाईट.

मी सोलरच्या विरोधात आहे असं समजू नका. आमच्याकडं एक आठवडा दिवसाची लाईट, एक आठवडा रात्रीची. रात्रीच्या आठवड्यात आमचे हे साडेबाराला उठून मोटार चालू करायला जातात आणि पहाटेपर्यंत दारं धरतात, म्हणजे वाफ्यावाफ्यानं पाणी वळवतात. मागच्या कार्तिकात स्टार्टरच्या पेटीखाली घोणस बसली होती. ह्यांनी पेटीला हात लावला आणि कुकरची शिट्टी गळावी तसा आवाज आला. बॅटरी मारली तर पायापासून वीतभरावर वेटोळं. त्या रात्री कांदा तसाच राहिला. तेव्हापासून हे परत येईपर्यंत माझा डोळा लागत नाही. दिवसा लाईट मिळत असेल तर मी नको कशी म्हणेन?

पण मामंजी पन्नास वर्षं त्याच गायरानात शेरडं राखतात. पत्राचं कळल्यावर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना एवढंच म्हणाले, "मग लांडग्यांनी कुठं जायचं?" मला वाटलं होतं चाऱ्याचं म्हणतील. लांडग्यानं त्यांची आजवर अकरा शेरडं नेलीत, अन् काळजी त्याचीच.

म्हटलं आपल्या समितीकडं काय कागद आहे ते तरी बघू. भाऊसाहेबांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून धूळ झटकून एक स्पायरल बांधलेली वही दिली. "लोकजैवविविधता नोंदवही, जानेवारी 2020." मुखपृष्ठावर मोर. आत गावातले प्राणी: शेकरू, गवा, सांबर. झाडं: हिरडा, गेळा, पिसा. पक्ष्यांत धनेश. अहो, आमच्याकडं पाऊस किती पडतो! हिरड्याचं झाड मी शाळेच्या सहलीत महाबळेश्वरला पाहिलं, तेवढंच. एका पानावर तर "कोयना जलाशयालगतच्या जंगलात" असं तसंच राहून गेलंय. कुठल्या तरी पाटण-जावळीकडच्या गावाची वही नाव बदलून आमच्या गळ्यात मारली. हिवर नाही, तरवड नाही, हेंकळ नाही. लांडगा नाही, खोकड नाही. माळावर कुसळीचं गवत गुडघ्याला लागतं, आणि वहीत लिहिलंय, "गवताळ क्षेत्र: निरंक."

शेवटच्या पानावर "माहिती देणारे जाणकार" म्हणून मामंजींचं नाव आणि पुढं अंगठा. मामंजी सातवी शिकलेत, वळणदार सही करतात. वही दाखवली तर चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "ह्यो माझा न्हवं. माझ्या अंगठ्याला इळ्याचा वण हाय." खरंच आहे, आडवा वण, लहानपणी गवत कापताना झालेला. वहीतला अंगठा कुणाचा, देव जाणे.

तर विचारायचंय ते असं. ही वही आता बदलता येते का? बदलली तर तिला वजन असतं का, की नुसती कपाटाची शोभा? आणि सोलर पण हवं, माळ पण हवा असं म्हणणारी बाई 26 जानेवारीच्या ग्रामसभेत हसण्यावारी जाईल का?

माणदेशी_गडी

ताई, शेकरू दिसलं तर आम्हालाबी कळवा, पोरंबाळं घेऊन बघायला येतो. आमच्या वहीत नदीतले मासे बावीस जातींचे आहेत. माणगंगेला बावीस दिवस सलग पाणी असलेलं माझ्या आज्यानं पाहिलं असंल.

दप्तरातला

निवृत्त ग्रामविकास अधिकारी आहे. ताई, वहीवरची तारीख बघितली आणि सगळा उलगडा झाला.

जैवविविधता कायदा 2002 चा. प्रत्येक पंचायतीनं समिती करायची आणि गावातल्या लोकांना विचारून नोंदवही लिहायची, हे त्यात आहे. बरीच वर्षं कुणी हललं नाही. मग 2019 च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं सगळ्या राज्यांना दम दिला की 31 जानेवारी 2020 पर्यंत काम पुरं करा, नाहीतर राज्याला महिन्याला 10 लाख दंड. मग काय, वरून रोज फोन. आज किती झाल्या, उद्या किती होणार. ज्या गावाला वर्षभर फिरून लिहायची वही, ती आठवड्यात आली. मी स्वतः तेव्हा नोकरीत होतो आणि अशा वह्यांवर शिक्के मारलेत. माझ्या एका गावच्या वहीत देवराईतल्या झाडांची यादी बरोबर होती, कारण तिथल्या पुजाऱ्यानं वही लिहायला आलेल्या पोरांना बसवून लिहायला लावलं. बाकीच्यांचं काही विचारू नका.

वही बदलता येते. ती एकदा छापून मिटवायची चीजच नाही, भर घालत राहायची असते. समितीची बैठक लावा, रीतसर सूचना काढा, इतिवृत्त लिहा, दुरुस्त नोंदी ग्रामसभेपुढं ठेवा. ठरावासह एक प्रत नागपूरला राज्य जैवविविधता मंडळाला आणि एक पंचायत समितीला द्या, पोच घ्या. जुनी वही फाडू नका, ती पुरावा आहे. अंगठ्याची तक्रार वेगळी करा आणि नंतर करा. त्यात आत्ता शिरलात तर पंधरा दिवस "कुणी केलं" यातच जातील आणि गायरान बाजूला राहील.

आता वजनाचं. गायरान शासनाचं, पंचायतीकडं ते सांभाळायला असतं. निर्णय जिल्हाधिकारी पातळीवर. ग्रामसभेनं नाही म्हटलं की प्रकल्प गुंडाळला, असं होत नाही. पण ठराव फायलीला चिकटून वर जातो. "ग्रामसभेचा तीव्र विरोध आहे" असे ठराव वर रद्दीच्या भावात आहेत. गट नंबर, त्यातली कुठली बाजू, तिथं काय आहे, त्याऐवजी कुठली जागा घ्या, असं लिहिलंत तर साहेबाला त्यावर काहीतरी शेरा मारावाच लागतो. आणि शेरा मारायचा म्हटलं की कुणालातरी जागेवर पाठवावं लागतं.

कोरमचं बघा. मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातलं कमी ते. झेंडावंदनाला आलेली माणसं जिलेबी खाऊन पांगतात.

सड्यावरचा_मास्तर

साताऱ्यात कॉलेजवर प्राणीशास्त्र शिकवतो. दप्तरातल्या साहेबांनी कागदाची बाजू सांगितली, मी माळाची सांगतो.

ताई, एक गोष्ट लक्षात घ्या. सौर प्रकल्पाला पर्यावरण परवानगी लागत नाही. 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत तो बसत नाही, म्हणून ना अभ्यास, ना जनसुनावणी. वीज स्वच्छ, तेव्हा जागेचं काय बघायचं, असा त्यामागचा हिशोब. म्हणजे तुमच्या 25 एकरांवर काय जगतं हे सांगणारा सरकारी कागद जगात एकच, तुमच्या कपाटातली वही. आणि ती म्हणते निरंक.

स्वच्छ विजेचा सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, काय परिणाम होतो हे आपल्याच जिल्ह्यात मोजलं गेलंय. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या येऊन वर्षं झाली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पवनचक्क्या असलेली आणि नसलेली पठारं ताडून पाहिली, 2018 मध्ये ते प्रसिद्ध झालं. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीनं कमी. ते गेले म्हणून सरडे वाढले, पण रोडावलेले, आणि माणूस जवळ आला तरी लवकर न पळणारे. भीतीच गेली. हे सरडे म्हणजे नर गळ्याखाली निळा-काळा-नारिंगी पंखा उघडतो ते. 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी त्या गटाला शास्त्रीय नावच "सरडा" दिलं, आणि त्यातला "सरडा सुपर्बा" चाळकेवाडीचा. मी पोरांना दरवर्षी घेऊन जातो. पोरं पवनचक्कीबरोबर सेल्फी काढतात आणि सरड्यावर पाय देता देता वाचतात.

दुसरं, माळाला आपण ओसाड म्हणतो ते फक्त बोलण्यात नाही. उपग्रहावरून पडीक जमिनींचा जो सरकारी नकाशासंग्रह होतो, त्यात झुडपी माळ पडीकातच मोजला जातो. एकदा पडीक ठरला की तिथं झाडं लावा, पॅनेल लावा, एमआयडीसी काढा, सगळं पुण्याचंच काम. तिकडं 2021 मध्ये ग्लासगोत भारतानं 2070 पर्यंत कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचा शब्द दिला, 2022 मध्ये माँट्रियलला जगातल्या देशांनी 2030 पर्यंत तीस टक्के जमीन आणि समुद्र राखायचं ठरवलं. दोन्ही शब्द तुमच्या एकाच गायरानावर येऊन एकमेकांच्या पायात पाय घालतायत. आणि गवताचा कार्बन वर दिसत नाही, बहुतेक मुळांत आणि मातीत असतो. नांगर फिरला की तो उठतो.

लोकांनी लिहायच्या नोंदवहीची कल्पना परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी 1990 च्या दशकात धरून लावली. शास्त्रज्ञाला चार दिवसांत जे दिसणार नाही ते गुराख्याला चाळीस वर्षांत दिसलेलं असतं, एवढा साधा विचार त्यामागं होता. तुमचे मामंजी म्हणजे ती वही. त्यांना घेऊन फिरा. सध्या हिवाळा आहे, संध्याकाळी पाच ते साडेसहा उतारावर बसा. मध्य आशियातून आलेले भोवत्या नावाचे ससाणे-घारीसारखे पक्षी गवतावरून हातभर उंचीनं तरंगत येतात आणि रात्री जमिनीवर, गवतातच झोपतात. झाडावर नाही. म्हणून झाडं लावलेला माळ त्यांच्या कामाचा नाही. दिसले तर तारीख, वेळ, किती, एवढं लिहा. नाव माहीत नसलं तरी चालेल, मामंजी जे म्हणतात ते लिहा.

लहान जागेला कोण विचारतो असं वाटेल. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळची दोन हेक्टरच्या आसपासची जागा 2021 मध्ये एका बोटाएवढ्या माशासाठी जैविक वारसा स्थळ झाली, याच 2002 च्या कायद्याखाली.

कृष्णाकाठ_सांगली

सरांचं सगळं मान्य, पण दुसरी बाजू कुणीतरी मांडायला पाहिजे. मी सांगलीत गावभागात राहतो. 2019 च्या ऑगस्टला आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45. आमच्या दुकानात छतापर्यंत पाणी, आठवडाभर. पाणी उतरल्यावर गल्लीला जो वास होता तो मला अजून मिसळीच्या रश्श्यातही येतो, बायको म्हणते मनाचे खेळ आहेत. दोन वर्षांनी, 2021 च्या जुलैत, परत. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं की इकडच्या धरणांतून पाणी सोडण्याची वेळ चुकल्यामुळं की नदीत भराव टाकल्यामुळं, यावर समित्या बसल्या, अहवाल आले, सांगलीत आजही यावर चहा थंड होतो. पण चार दिवसांत जो पाऊस कोसळला तो कुणी नाकारत नाही. अशा पावसाचं प्रमाण वाढतंय आणि त्याला कोळसा जाळणं कारण आहे, हे मास्तर तुम्हीच वर्गात शिकवत असाल. मग सोलरला कुठंतरी जागा द्यावीच लागेल ना? प्रत्येक गावात कुणाचा तरी सरडा असणारच.

चिडून लिहिलं, माफ करा ताई. मला खरा राग वेगळा आहे. जागा शोधायची म्हटली की सरकारला पहिलं गायरानच का सापडतं? कारण गायरानाला ओरडणारा मालक नाही. योजनेत खासगी जागा पण भाड्यानं घेता येते, हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार आणि त्यावर दरसाल तीन टक्के वाढ. तुमच्या गावात विहिरीला पाणी नाही म्हणून दहा वर्षं पडून असलेलं, एकदा नांगरलेलं रान कुणाकडं तरी असेलच. त्यांना विचारलंत का? जतकडं म्हैसाळ योजनेचे पंप सौर विजेवर चालवायचा प्रकल्प जर्मन बँकेच्या कर्जातून घेतलाय. उन्हाला आपल्याकडं कमी नाही, जागा निवडताना चार पावलं जास्त चालायची तयारी पाहिजे.

येरळाकाठची

दादा, राग कशाला. तुमचं वाचून मी आमच्या भावकीत फोन लावले. पिढीजात भांडण आहे, तीन वर्षं बोलणं नव्हतं, पण पहिल्या रिंगला उचलला. त्यांची रस्त्याकडेला नऊ एकर पडून आहे, बाजरी घ्यायची कधीच सोडलीय. हेक्टरी सव्वा लाख म्हटल्यावर "वहिनी, चहाला या" पर्यंत गाडी आली.

काका-सर, उद्या संध्याकाळी मामंजींबरोबर जातेय. लांडगा आहे हे कसं दाखवायचं पण? तो काय फोटोला उभा राहणार नाही.

जुना_वनरक्षक

लांडगा फोटोला नाही पण पंचनाम्याला उभा राहतो. मामंजींची अकरा शेरडं गेली म्हणता, त्यातल्या एकाची तरी भरपाई मागितली होती का? नसेल तर गावातल्या मेंढक्यांना विचारा. लांडग्यानं जनावर मारलं तर वन खातं भरपाई देतं, त्यासाठी वनरक्षक जागेवर येऊन पंचनामा करतो. मारणारं जनावर कोणतं, जागा कोणती, तारीख काय, सगळं त्यात असतं. ते कागद परिक्षेत्र कार्यालयात आहेत. नाही दिले तर माहिती अधिकारात मागा. लांडगा वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहे, वाघाच्या पंगतीत. गायरानात लांडगा आहे हे सरकारनंच दहा वेळा लिहून ठेवलेलं असेल, फक्त दुसऱ्या कपाटात.

आता माझं थोडं. मी सोलापूरजवळ नान्नजला माळढोक पक्ष्याच्या अभयारण्यात काही वर्षं होतो. माळ म्हणजे काय ते मला तिथं कळलं. आणि बदली होऊन इकडं आल्यावर 2019 च्या पावसाळ्यात सरकारच्या त्या 33 कोटी झाडं लावायच्या मोहिमेच्या वेळी मीच गायरानांत खड्डे मारून घेतले. उद्दिष्ट होतं, दर संध्याकाळी आकडा पाठवायचा होता. खड्ड्याचा फोटो, रोपाचा फोटो, रोपासोबत माणसाचा फोटो. गवत सोलून गिरिपुष्प आणि गुलमोहर लावले. एका मेंढक्यानं मला विचारलं होतं, "सायेब, हितं झाड येत असतं तर देवानं लावलं नसतं व्हय?" मी त्याला अडाणी म्हणालो. नान्नज बघून आलेला मी. त्यातलं गिरिपुष्प तेवढं जगलं, त्याला जनावरं सहसा तोंड लावत नाहीत म्हणून. चरांत पाणी मुरलं, ते मात्र नाकारणार नाही, खालच्या विहिरींना फरक पडला.

म्हणून सुचवतो. तुमच्या गायरानातही तेव्हाचे खड्डे असतीलच. जिथं गवत आधीच मोडलंय तिथं पॅनेल जाऊ द्या. जिथं जमीन कधी फुटलेली नाही ती बाजू सोडवा. आणि कुंपणाचं आत्ताच लिहून घ्या. जाळी जमिनीला टेकवली की ससा, खोकड, साळिंदर सगळ्यांची वाट बंद. खालून फूटभर मोकळी ठेवायला पैसे जास्त लागत नाहीत, पण नंतर सांगितलं तर कुणी ऐकत नाही.

पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा 2014 पासून निघतोय, 2024 च्या जुलैत सहावा निघाला. तिकडं डोंगर आहे, नाव आहे, तरी ही गत. खटावच्या माळासाठी वरून कुणी काही काढेल याची वाट बघू नका.

येरळाकाठची

उशिरा लिहितेय, पण सगळं सांगते.

माळावर चार संध्याकाळी गेलो. मी, मामंजी आणि वरच्या वस्तीवरचे मेंढके आजोबा. माझ्या साडीच्या काठात इतकी कुसळं अडकली की घरी येऊन सांडशीनं उपटावी लागली. पहिल्या दिवशी काही दिसलं नाही. मामंजी म्हणाले, "तू बोलतीस लय." दुसऱ्या दिवशी मी गप्प बसले, तर सहाला दहा कमी असताना ते पक्षी आले. सर, तुम्ही म्हणालात तसेच, हातभर उंचीनं, पंख न हलवता. एक, मग तीन, मग मोजून नऊ. पांढुरके आणि तपकिरी. गोल फिरले आणि गवतात एकेक करून विझल्यासारखे बसले. मामंजी त्यांना काही नाव देत नाहीत, "थंडीतली पाखरं" म्हणतात. तसंच लिहिलंय. टिटवीहून बारीक, पांढऱ्या भुवईचा, पळतो-थांबतो-पळतो असा एक पक्षी आहे, त्याला मेंढके आजोबा "पळ्या" म्हणतात. सरांना वर्णन कळवलं, ते म्हणाले धाविक. दोन्ही नावं लिहिली.

पश्चिमेच्या उतारावर दगडांच्या आडोशाला एक बीळ आहे, पुढं हाडकं आणि मेंढीची लोकर. आजोबा तिकडं बोट दाखवत नाहीत, हनुवटीनं दाखवतात. त्यांच्याकडं दोन पंचनाम्यांच्या प्रती होत्या, प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाबरोबर. वनरक्षक काका, तुमच्या पाया पडावंसं वाटलं.

26 ला कोरम भरला नाही. दप्तरातले साहेब म्हणाले तस्सं, जिलेबीपर्यंत सत्तर, नंतर वीस. तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत नाही, तिला 47 माणसं, त्यात 19 बायका आमच्या बचत गटाच्या. मी नोंदी वाचायला लागले तर मागून एक जण म्हणाला, "लांडग्यापायी लाईट सोडायची व्हय?" मी स्टार्टरखालच्या घोणशीचं सांगितलं. त्याच्याच चुलत्याला मागच्या साली रात्री दारं धरताना साप चावला होता, तो गप्प झाला. मग म्हटलं, लाईट सोडायची नाही, जागा सरकवायची.

ठराव असा झाला: गायरानाच्या पूर्वेला 2019 च्या खड्ड्यांची 14 एकर द्यायची. भावकीतली नऊ एकर रस्त्याकडची. उरलेली दोन एकर आणखी एका खासगी पडीकात बघायची. पश्चिमेचा उतार आणि पाझर तलावाची वाट सोडायची, मेंढरांना पाण्यावर जाता आलं पाहिजे. कुंपण खालून फूटभर मोकळं. दुरुस्त नोंदवही सोबत जोडली, पानं बावीस, गवतांची नावं अकरा.

कंपनीचे इंजिनीअर फोनवर म्हणाले दोन तुकड्यांत जागा म्हणजे केबल वाढते, वर विचारावं लागेल. महसूलचे सर्कल अधिकारी म्हणाले बघू. सरपंच माझ्यावर जरा नाराज आहेत, 15 लाखांत त्यांच्या डोक्यात सभामंडप होता. आणि भावकीतल्या चहाला गेले तर तिथं सासूबाईंच्या आणि त्यांच्या बांधाचं जुनं प्रकरण निघालं, ते वेगळंच.

नव्या वहीच्या शेवटच्या पानावर जाणकारांच्या सह्या घेतल्या. मामंजींनी वळणदार सही केली, मग शाईचा पॅड मागून घेतला आणि शेजारी अंगठाही उठवला. वण स्पष्ट उमटलाय. म्हणाले, "आता कुणी दुसऱ्याचा लावला तर वळखू येईल."

मोजणी सोमवारी सकाळी आठला आहे, मीही जाणार. भोवत्याचा चांगला फोटो कुणाकडं असेल तर इथं टाका, माझ्या मोबाईलमध्ये नुसता ठिपका आलाय.